आकडा उतरला, रुग्णाचे काय?

रक्ततपासणीच्या पत्रकावरील ‘होमोसिस्टीन’ हे नाव आता आपल्या वैद्यवर्गास अपरिचित राहिलेले नाही. आरोग्यतपासणीच्या ‘पॅकेज’मध्ये ही चाचणी बहुधा अंतर्भूत असते आणि तिचा आकडा जाड ठशात, शेजारी वर जाणारा बाण काढून छापलेला असतो. हा कागद घेऊन येणाऱ्यांमध्ये डायलिसिसवर असलेल्या रुग्णांचा वर्ग विशेष लक्ष देण्याजोगा आहे. त्यांचा आकडा जवळजवळ नेहमीच वाढलेला असतो. हृदयविकाराची धास्ती मनात असतेच. त्यामुळे रुग्ण किंवा त्याचे नातलग विचारतात, “वैद्यराज, हा उतरवायला आपल्याकडे काही आहे का?” औषध-दुकानात तर उत्तर फडताळात तयारच असते : मिथाइलकोबालामिन, मिथाइलफोलेट आणि पायरिडॉक्सिन यांची एकत्रित गोळी, किंवा त्याच उद्देशाने पुढे केलेले एखादे ‘नैसर्गिक’ पूरक.

या विषयावर आमचे मत आम्ही प्रारंभीच निःसंदिग्धपणे मांडतो. डायलिसिसच्या रुग्णात केवळ होमोसिस्टीनचा आकडा उतरविण्यासाठी पोषणपूरके देऊ नयेत, विकू नयेत आणि त्यांची शिफारसही करू नये. जीवनसत्त्वांची खरी उणीव असेल तर ती अवश्य भरून काढावी. परंतु उणीव भरणे वेगळे आणि आकडा उतरविणे वेगळे. या दोहोंची गल्लत झाल्यामुळे रुग्णाचा पैसा वाया जातो, आणि अधिक गंभीर बाब अशी की त्याच्या जिवावर बेतणाऱ्या गोष्टींकडे दुर्लक्ष होते. हे मत आम्ही का बनविले, याची कारणमीमांसा पुढे करीत आहोत.

पूर्वेतिहास

होमोसिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल आहे. व्हिन्सेंट डु विग्नो या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने १९३२ साली त्याचा शोध लावला. आहारातील प्रथिनांतून मिळणाऱ्या मेथिओनिनपासून ते शरीरात तयार होते आणि दोन वाटांनी निकालात निघते. एका वाटेने फोलेट व ब-१२ यांच्या साहाय्याने त्याचे पुन्हा मेथिओनिन होते. दुसऱ्या वाटेने ब-६ च्या साहाय्याने त्याचे सिस्टीनमध्ये रूपांतर होते. या तीन जीवनसत्त्वांपैकी एखादे कमी पडले की वाट तुंबते व होमोसिस्टीन साचते. निरोगी प्रौढाच्या रक्तात त्याचे प्रमाण साधारणतः ५ ते १५ मायक्रोमोल प्रति लिटर असते.

होमोसिस्टिनयुरिया या दुर्मीळ जन्मजात विकारात हे प्रमाण कित्येक पटींनी वाढते आणि अशा मुलांच्या रक्तवाहिन्या कोवळ्या वयातच खराब होतात. १९६९ साली बोस्टनमधील विकृतिशास्त्रज्ञ किल्मर मॅक्कली यांनी यावरून अनुमान मांडले की, होमोसिस्टीन हेच धमनीकाठिण्याचे एक कारण असावे. पुढे अनेक पाहणी-अभ्यासांत ज्यांचे होमोसिस्टीन जास्त त्यांच्यात हृदयविकार जास्त असे आढळू लागले. फोलिक आम्ल स्वस्त, सहज मिळणारे आणि निर्धोक समजले जाणारे. मग ते देऊन आकडा उतरवावा म्हणजे हृदय वाचेल, हा विचार साहजिकच सर्वांस मोहवून गेला.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. फोलिक आम्लाच्या शोधाचे एक महत्त्वाचे पान आपल्या मुंबईत लिहिले गेले आहे. लुसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर बाईंनी परळच्या हाफकिन संस्थेत राहून मुंबईच्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या पांडुरोगाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फोलेट. या स्त्रियांच्या आहारात एक वस्तू कमी होती, ती दिली आणि त्या बऱ्या झाल्या. उणीव भरून काढण्याचा हा निर्मळ नमुना आहे. डायलिसिसच्या रुग्णास ‘होमोसिस्टीनसाठी’ गोळी देताना आपण तेच करतो का, हा खरा प्रश्न आहे.

मूत्रपिंड निकामी झाल्यावर

डायलिसिसवरील बहुसंख्य रुग्णांत होमोसिस्टीन २० ते ४० च्या दरम्यान, कधी त्याहूनही वर असते. मूत्रावाटे ते बाहेर पडत नाही म्हणून असे होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती पुरती खरी नाही. निरोगी माणसाच्या मूत्रातही होमोसिस्टीन अत्यल्पच जाते. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर शरीरात साठणाऱ्या मलरूप द्रव्यांमुळे वर सांगितलेल्या दोन्ही वाटा मंदावतात, हे प्रमुख कारण मानले जाते. डायलिसिसच्या एका बैठकीत आकडा काही अंशी उतरतो आणि पुढील बैठकीपर्यंत पुन्हा चढतो, कारण रक्तातील बहुतांश होमोसिस्टीन अल्ब्युमिन या प्रथिनास बांधलेले असते व ते गाळणीतून सहजासहजी जात नाही.

या अल्ब्युमिनमुळे आणखी एक उलटा प्रकार घडतो. जो रुग्ण नीट जेवत नाही, ज्याचे मांस झडत चालले आहे, त्याचे अल्ब्युमिन घटते आणि त्याबरोबर होमोसिस्टीनही उतरते. म्हणजे डायलिसिसच्या रुग्णात उतरलेला आकडा हे सुधारणेचे नव्हे, तर धातुक्षयाचे चिन्ह असू शकते. अशा रुग्णाचा कागद पाहून “छान, होमोसिस्टीन उतरले” असे म्हणणारा वैद्य दिशा चुकला असे समजावे.

चाचणीच्या विश्वासार्हतेविषयीही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. रक्त काढल्यानंतर तांबड्या पेशींतून होमोसिस्टीन बाहेर झिरपत राहते. म्हणून नमुना तत्काळ थंड ठेवून रक्तद्रव लवकर वेगळे करावे लागते. गावातील संकलन केंद्रावर सकाळी काढलेले रक्त दुपारच्या गाडीने शहरात गेले, तर आकडा रुग्णामुळे वाढला की प्रवासामुळे, हे सांगता येत नाही. शिवाय रक्त बैठकीपूर्वी काढले की नंतर, यानेही फरक पडतो.

प्रयोगांनी काय दाखविले?

आकडा उतरविल्याने रुग्ण वाचतो काय, याची परीक्षा झालेली आहे आणि ती चांगली कसून झालेली आहे. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात २०५६ रुग्ण होते. काहींची मूत्रपिंडे शेवटच्या टप्प्याकडे निघालेली, तर काही प्रत्यक्ष डायलिसिसवर. निम्म्यांना रोज ४० मि.ग्रॅ. फोलिक आम्ल, १०० मि.ग्रॅ. ब-६ आणि २ मि.ग्रॅ. ब-१२ दिले, निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. तीन महिन्यांत जीवनसत्त्वे घेणाऱ्यांचे होमोसिस्टीन सुमारे एक चतुर्थांशाने उतरले. मध्यमानाने तीन वर्षांहून थोड्या अधिक काळाच्या पाठपुराव्यात मृत्यू मात्र जीवनसत्त्वे घेणाऱ्या गटात ४४८ आणि निष्क्रिय गोळीच्या गटात ४३६ झाले. आकडा उतरला, माणसे तितकीच गेली.

हा एकच प्रयोग असता तर आम्ही इतके ठाम बोललो नसतो. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये ३१५ रुग्णांना रोज १५ मि.ग्रॅ. फोलिक आम्ल देऊन झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २००६ साली आला, लाभ नाही. जर्मनीत ६५० डायलिसिस-रुग्णांवर झालेल्या प्रयोगाचा २०१० साली. मृत्यूंत घट नाही. मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेल्या ४११० रुग्णांवरील प्रयोगाचा २०११ साली. तेथेही लाभ नाही.

२०१० साली कॅनडातून आलेला निष्कर्ष तर निव्वळ निष्फळतेच्याही पलीकडे गेला. मधुमेहामुळे मूत्रपिंडे बिघडलेल्या २३८ रुग्णांपैकी निम्म्यांना रोज २.५ मि.ग्रॅ. फोलिक आम्ल, २५ मि.ग्रॅ. ब-६ व १ मि.ग्रॅ. ब-१२ देण्यात आले. तीन वर्षांत जीवनसत्त्वे घेणाऱ्यांची मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता सरासरी १६.५ ने घटली, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांची १०.७ ने, आणि हृदय व रक्तवाहिन्यांचे उपद्रव जीवनसत्त्वांच्या गटात दुप्पट झाले. हे रुग्ण डायलिसिसवर नव्हते, हे लक्षात ठेवावे, तथापि “फायदा नाही तर तोटा तरी काय?” असे म्हणून गोळी पुढे सरकविणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

या सर्व पुराव्यांचा विचार करून अमेरिकेच्या नॅशनल किडनी फाउंडेशनने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेत स्पष्ट सांगितले आहे की, मूत्रपिंडविकारामुळे वाढलेल्या होमोसिस्टीनसाठी फोलेट वा ब-गटातील जीवनसत्त्वे सरसकट देऊ नयेत. मात्र त्यांची उणीव असल्यास ती भरून काढावी.

हेतु आणि लिंग

हा निष्कर्ष आपल्या शास्त्रास परका वाटण्याचे कारण नाही. हेतु, लिंग आणि औषध या त्रिसूत्रीवर आयुर्वेद उभा आहे. लिंगास हेतु समजून त्यावर औषध योजणे ही चिकित्सा नव्हे, हे आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही शिकवितो. डायलिसिसच्या रुग्णात होमोसिस्टीन हे व्याधीचे लिंग आहे. त्याच्या हृदयावरील आघाताचा हेतु ते असल्याचे सिद्ध झालेले नाही. लिंग झाकले म्हणून संप्राप्तिभंग होत नाही. म्हणतात ना, रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

मग या रुग्णांचे हृदय कशाने खचते? अंगात साचलेल्या पाण्याने, अनावर रक्तदाबाने, पोटॅशियमच्या चढउताराने बिघडणाऱ्या हृदयाच्या ठोक्याने, फॉस्फरस व कॅल्शियमच्या बिघाडातून कठीण होत जाणाऱ्या वाहिन्यांनी, पांडुतेने आणि कुपोषणाने. दोन बैठकींमध्ये जेव्हा अधिक दिवसांचे अंतर पडते तेव्हा त्या खंडानंतर मृत्यूंचे प्रमाण वाढते, हे अमेरिकेतील ३२ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून २०११ साली दाखविले गेले. तेथे आठवड्यात तीन बैठका होतात, तरी दोन दिवसांचे अंतर पडले की हा फरक दिसतो. आपल्याकडे अनेक रुग्ण आठवड्यातून दोनच बैठका घेतात. प्रवासखर्च नाही, सोबतीला माणूस नाही म्हणून त्यातलीही एखादी चुकते. अशा रुग्णाने महिन्याकाठी काही शे रुपये होमोसिस्टीनच्या गोळ्यांवर घालवावेत आणि गाडीभाड्याअभावी बैठक चुकवावी, याला चिकित्सा म्हणणे कठीण आहे.

आपल्या परिभाषेत हा रुग्ण याप्य अवस्थेतील आहे. आधार काढून घेतला की कोसळणारा. अशा रुग्णास आधार देणारे खांब कोणते हे ओळखून ते बळकट करणे हे वैद्याचे काम. खांब सोडून भिंतीस रंग देणे नव्हे.

आक्षेपांचा विचार

आमच्या या मतावर काही वैद्यमित्रांनी घेतलेले आक्षेप विचार करण्याजोगे आहेत. पहिला आक्षेप असा की, हे प्रयोग पाश्चात्त्य देशांतील आहेत. अमेरिकेत १९९८ पासून धान्याच्या पिठात फोलिक आम्ल मिसळणे सक्तीचे झाले. तेथील माणसात फोलेटची कमतरता मुळातच थोडी. आपल्याकडील शाकाहारी रुग्णाची स्थिती निराळी.

या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याचा पुरावा आपल्या पुण्यातलाच आहे. के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुणे व परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी करून २००६ साली जे प्रसिद्ध केले त्यात ६७ टक्क्यांमध्ये ब-१२ कमी आणि ५८ टक्क्यांमध्ये होमोसिस्टीन वाढलेले आढळले. शहरी मध्यमवर्गीयांत ब-१२ ची उणीव सर्वाधिक होती. हे मूत्रपिंडविकाराचे रुग्ण नव्हते, चालते-फिरते नागरिक होते. तेव्हा आपल्याकडील डायलिसिस-रुग्णाचा आकडा वाढण्यास ब-१२ ची उणीव हेही एक कारण असू शकते, हे आम्ही मान्य करतो. त्यातच मधुमेहासाठी वर्षानुवर्षे घेतलेले मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तासाठी घेतलेल्या गोळ्या यांनीही ब-१२ घटते.

परंतु यावरून निघणारा निष्कर्ष कोणता? होमोसिस्टीन मोजून तीन जीवनसत्त्वांची गोळी द्यावी, हा नव्हे. तर ब-१२ मोजावे आणि कमी असल्यास ते द्यावे, हा. ब-१२ न पाहता नुसते फोलिक आम्ल मोठ्या मात्रेत दिल्यास पांडुता सुधारते, रक्ताचा कागद चांगला दिसू लागतो आणि आतल्या आत मज्जारज्जू व चेतातंतूंची झीज चालूच राहते. डायलिसिसच्या रुग्णात हातापायांची बधिरता आधीच असते. त्यामुळे ही झीज कोणाच्या ध्यानातही येत नाही.

दुसरा आक्षेप चीनमधील प्रयोगाचा आधार घेऊन येतो. तेथे उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत एनालाप्रिलच्या जोडीस ०.८ मि.ग्रॅ. फोलिक आम्ल दिल्याने मूत्रपिंडविकाराची वाढ मंदावली, असे २०१६ साली प्रसिद्ध झाले. हा निष्कर्ष आम्ही नाकारीत नाही. मात्र तो सौम्य ते मध्यम विकाराचा, पिठात फोलिक आम्ल न मिसळणाऱ्या देशाचा आणि अल्प मात्रेचा आहे. साध्य अवस्थेत उपयुक्त ठरलेले द्रव्य याप्य अवस्थेत उपयुक्त ठरेलच, असे कोणता वैद्य म्हणेल?

तिसरा आक्षेप असा की, प्रयोग झाले ते कृत्रिम गोळ्यांचे. आपली द्रव्ये समग्र आहेत. यावर आमचे म्हणणे एवढेच की, तसे असल्यास ते सिद्ध करण्याचा मार्ग खुला आहे. भारतात २००७ पासून चिकित्सा-प्रयोगांची राष्ट्रीय नोंदवही अस्तित्वात आहे. आपल्या महाविद्यालयांनी तेथे नोंदणी करून प्रयोग करावेत. परंतु त्यात मोजायचे ते होमोसिस्टीन नव्हे. रुग्ण किती जगला, किती वेळा रुग्णालयात दाखल झाला, त्याचे बल व अग्नी कसे राहिले, हे मोजावे. केवळ आकडा उतरल्याचा दाखला आणू, तर ज्या चुकीच्या वाटेवरून इतर शास्त्रे परत फिरली त्याच वाटेवर आपण नव्याने पाऊल टाकू.

आपल्याच फडताळातील धोके

आता जे लिहावयाचे आहे ते काहींस रुचणार नाही. तरी ते सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. होमोसिस्टीनचे निमित्त करून रुग्ण एकदा पूरकांच्या वाटेस लागला की तो एका गोळीवर थांबत नाही. “नैसर्गिक आहे, अपाय नाही” या वाक्याच्या बळावर एकेक वस्तू वाढत जाते. मूत्र होणे थांबलेल्या रुग्णाच्या बाबतीत हे वाक्य धोकादायक आहे. निरोगी शरीर जे सहज बाहेर टाकते ते त्याच्या शरीरात पुढील बैठकीपर्यंत साचून राहते.

पहिला धोका पोटॅशियमचा. यवक्षार हा मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट आहे. श्वेतपर्पटीत कलमी सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आहे, आणि सोबत फटकीतील ॲल्युमिनियमही. कदलीक्षार व अपामार्गक्षार यांतही पोटॅशियम विपुल असते. पुनर्नव्यात पोटॅशियम नायट्रेट मोठ्या प्रमाणात आढळते. मूत्रकृच्छ्रात वा अश्मरीत ही द्रव्ये गुणकारी ठरतात हे आपण जाणतो. पण ज्याला मूत्रच होत नाही त्याला मूत्रल देण्यात प्रयोजन कोणते? तेथे मूत्रल गुण वाया जातो आणि पोटॅशियम तेवढे हृदयास भोवते. बारतोंडीच्या फळाचा रस ‘नोनी’ या नावाने घरोघरी विकला गेला; त्याच्या सेवनाने मूत्रपिंडविकाराच्या रुग्णात पोटॅशियम वाढल्याची नोंद २००० सालीच प्रसिद्ध झालेली आहे. शहाळ्याचे पाणी आणि ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकले जाणारे मीठ यांचेही तेच. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते.

दुसरा धोका क-जीवनसत्त्वाचा. ते शरीरात ऑक्झॅलेट बनते आणि मूत्रपिंड नसताना हे ऑक्झॅलेट ऊतींमध्ये बसते. म्हणून डायलिसिसच्या रुग्णात क-जीवनसत्त्वाची पूरक मात्रा साधारणपणे रोज ६० ते १०० मि.ग्रॅ. पर्यंतच ठेवतात. आवळ्याचा रस पेलाभर पिण्याचा सल्ला देताना ही मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडली जाते.

तिसरा धोका ब-६ चा. मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलेल्या पायरिडॉक्सिनने चेतातंतूंस इजा होते, हे १९८३ पासून ज्ञात आहे. ज्या रुग्णाचे पाय आधीच जळजळतात त्याला जळजळीसाठी हीच गोळी दुप्पट दिली जाते, हा प्रकार आम्ही वारंवार पाहतो.

चौथा धोका द्रव्यांच्या ओळखीचा व शुद्धतेचा. बेल्जियममध्ये एका वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकियाच्या जातीची मुळी वापरली गेल्याने अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची गेली. ही घटना १९९३ साली जगापुढे आली. आपली ईश्वरी अर्थात सापसन ही त्याच कुळातील आहे. अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा सोमल आढळल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यावर आपल्याकडे रोष व्यक्त झाला. शोधन-मारणाचा मुद्दाही मांडला गेला. तो वाद येथे नको. ज्याची मूत्रपिंडे काम करीत नाहीत त्याच्यात धातुयुक्त कल्प देताना नेहमीचे गणित लागू पडत नाही, एवढे तरी सर्वांस मान्य व्हावे.

फळांतील कमरख, म्हणजेच कर्मरंग, हे तर डायलिसिसच्या रुग्णास साक्षात विषसमान आहे. त्यातील द्रव्य मेंदूपर्यंत पोहोचून न थांबणारी उचकी, भ्रम, झटके आणि मृत्यूही ओढवतो. हे फळ ‘थंड’ म्हणून सुचविणाऱ्यांनी हे कायमचे लक्षात ठेवावे.

मग करावे काय?

नकार देऊन थांबणे हा वैद्यधर्म नव्हे. या रुग्णास आपण पुष्कळ काही देऊ शकतो.

पोटॅशियम कमी करण्यासाठी भाज्या चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकण्याचा सल्ला रुग्णास दिलेला असतो. तो योग्यच आहे. पण त्या पाण्याबरोबर फोलेट व इतर जलविद्राव्य जीवनसत्त्वेही जातात. शिवाय प्रत्येक बैठकीत ती थोडी गाळली जातात आणि रुग्णाची अन्नावरील वासना मंद असते. म्हणून मूत्रपिंडतज्ज्ञ अल्प मात्रेतील, या रुग्णांसाठीच बनविलेली ब-गटाची गोळी देतात. ती उणीव भरण्यासाठी असते. तीस विरोध करू नये, आणि तिच्यावर दुसरी गोळीही चढवू नये. ती बैठकीनंतर घेतली जाते ना, एवढे विचारावे. आधी घेतल्यास तिचा काही भाग गाळला जातो.

रुग्णाचा अग्नी, त्याचे मलप्रवर्तन, निद्रा आणि मनोबल ही आपली क्षेत्रे आहेत. मलावष्टंभ झाल्यास आतड्यावाटे जाणारे पोटॅशियमही अडते, म्हणून कोष्ठशुद्धीकडे लक्ष देणे हे या रुग्णात हृदयरक्षणाचे काम आहे. परंतु त्यासाठी क्षारयुक्त वा लवणयुक्त चूर्णे वापरू नयेत. लवणभास्करासारखे चूर्ण मागणे रुग्णाच्या अंगवळणी पडलेले असते. ते बंद करावे. मीठ कमी झाले की तहान कमी होते, तहान कमी झाली की दोन बैठकींमधील वजनवाढ आटोक्यात येते. काढे व आसवारिष्टे यांतून जाणारे पाणीही त्याच्या दिवसभराच्या ठरलेल्या पाण्यात धरावे. ज्या हाताला फिस्टुला आहे त्या हातावर रक्तदाब मोजू नये, त्यास बंध किंवा जोरकस अभ्यंग करू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बैठक चुकू नये. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आणि देशपातळीवर २०१६ साली जाहीर झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात या उपचाराची तरतूद आहे. आपल्या रुग्णास तिचा लाभ मिळतो की नाही, कागदपत्रे कोठे अडली आहेत, हे विचारण्यात पाच मिनिटे जातील. त्या पाच मिनिटांचे मोल कोणत्याही गोळीहून अधिक आहे.

औषध-दुकानदार बंधूंस

दुकान चालविणे म्हणजे उसनवारी, मुदत संपणारा माल, दहावर दोन फुकटच्या योजना आणि दारात उभा असलेला कंपनीचा प्रतिनिधी, हे सारे सांभाळणे आहे, याची आम्हांस जाणीव आहे. माहितीपत्रकावर हृदयाचे चित्र आणि खाली उतरता आलेख असतो. त्या आलेखात काय उतरताना दाखविले आहे, एवढाच प्रश्न प्रतिनिधीस विचारावा. ‘होमोसिस्टीन’ असे उत्तर आल्यास, ‘मृत्यू उतरल्याचा आलेख आहे काय?’ असे पुढे विचारावे. अन्नसुरक्षा कायद्याखाली विकल्या जाणाऱ्या पोषणपूरकांच्या वेष्टनावर ती औषधी वापरासाठी नसल्याची सूचना छापावी लागते. ती सूचना ग्राहकास वाचून दाखविण्यात कमीपणा नाही.

गिऱ्हाइकाने अशी वस्तू मागितली की ‘आपण डायलिसिसवर आहात का? मूत्रपिंडाचा काही त्रास?’ हे दोन प्रश्न विचारण्याची प्रथा आपल्या प्रत्येक दुकानात पडावी. उत्तर होकारार्थी आल्यास क्षार, भस्मे, मूत्रल काढे, फळांचे रस आणि जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या त्याच्या मूत्रपिंडतज्ज्ञाच्या चिठ्ठीवाचून देऊ नयेत. एक विक्री बुडेल. परंतु ज्या दुकानाने एकदा ‘हे तुम्हांला चालणार नाही’ असे सांगितले त्या दुकानावर ते कुटुंब पुढे विश्वास ठेवते, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे.

संघटनेस विनंती

आपल्या संघटनेने दोन गोष्टी कराव्यात असे आम्हांस सुचवावेसे वाटते. डायलिसिसच्या रुग्णास देऊ नयेत अशा द्रव्यांची व कल्पांची एक पानाची यादी मराठीत छापून प्रत्येक सभासदास द्यावी आणि ती दुकानाच्या गल्ल्याजवळ लावण्यास सांगावे. तसेच अशा रुग्णात एखाद्या कल्पाने अपाय झाल्याचे दिसल्यास सभासदाने तो न लपविता आयुष मंत्रालयाच्या औषधदक्षता केंद्राकडे कळवावा. त्यासाठी जिल्हावार एका जबाबदार वैद्याची नेमणूक व्हावी. अपायाची नोंद केल्याने शास्त्राची अप्रतिष्ठा होत नाही. अपाय ठाऊक असून तो नोंदला नाही, तर मात्र ती होते.

होमोसिस्टीनचा आकडा हा रुग्णाच्या कागदावरील अनेक आकड्यांपैकी एक आहे. आपल्यासमोर बसतो तो कागद नव्हे, आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास यंत्राला जोडला जाणारा माणूस आहे. त्याचे पोटॅशियम, त्याचे वजन, त्याचे जेवण आणि त्याची पुढची बैठक यांची चौकशी करणाऱ्या वैद्याची व दुकानदाराची त्याला आज गरज आहे. ती आपण पुरवावी.